मनगटाचं लिगामेंट दुर्बिणीतून शिवताना: मुरगळल्यापासून पुन्हा जोर मारेपर्यंत

पावसात गाडी घसरली, हात टेकला गेला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सूज उतरली, पण तीन आठवडे उलटले तरी कुलपात किल्ली फिरवताना, भरलेली बादली उचलताना किंवा उठताना जमिनीवर हात टेकला की मनगटात कळ येतेच. कोल्हापुरात अशा मनगटाला ‘मुरगळलंय, होईल बरं’ म्हणून सोडून देतात. तालमीत तर दुखऱ्या मनगटानं जोर मारणाऱ्याचं कौतुकच होतं. पण तीन आठवड्यांनंतरही भार न घेणारं मनगट नुसतं मुरगळलंय असं समजू नये. आत एखादं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा बंध, फाटलंय किंवा हाडापासून सुटलंय असं धरूनच पुढच्या तपासण्या करायच्या.

आत नेमकं काय तुटतं

मनगटात आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात. त्यांतल्या कोपराकडच्या ओळीवर कुठलाही स्नायू थेट बसलेला नाही, पुढून-मागून जो दाब येईल तशी ती हलते. तिला शिस्तीत ठेवण्याचं काम हाडाहाडांमधली छोटी लिगामेंट्स करतात. त्यांत दोन ठिकाणं जास्त त्रास देतात.

पहिलं, अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड आणि मधलं ल्युनेट यांना जोडणारं लिगामेंट. ते इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखं वळलेलं असतं आणि त्याचा मनगटाच्या पाठीकडचा भाग सगळ्यात मजबूत असतो. तो तुटला की स्कॅफॉइड तळहाताकडे वाकतं, ल्युनेट पाठीकडे कलतं आणि दोघांत फट पडते. हे तसंच राहिलं तर काही वर्षांत रेडियस (कोपर ते मनगट यांमधलं अंगठ्याकडचं हाड) आणि स्कॅफॉइडमधली कूर्चा झिजून सांधेदुखी कायमची होते.

दुसरं, करंगळीच्या बाजूची त्रिकोणी गादी. डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. अल्नाच्या (रेडियसच्या जोडीचं, करंगळीकडचं हाड) टोकावर बसलेली ही गादी आणि तिची लिगामेंट्स हात उताणा-पालथा करताना रेडियस-अल्नाची जोडी धरून ठेवतात. मनगटावरून येणाऱ्या भारातला साधारण २० टक्के भार याच बाजूनं जातो. अल्ना रेडियसपेक्षा अडीच मिलिमीटर लांब असेल तर हाच भार ४० टक्क्यांच्या वर जातो. म्हणून ज्यांची अल्ना जन्मानंच लांब आहे त्यांची गादी लवकर फाटते. गादीच्या कडेला रक्तपुरवठा असतो, मध्यभागी नसतो. त्यामुळे कडेची फाट शिवली तर जुळते आणि मधली जुळत नाही. मधला फाटका भाग कातरून गुळगुळीत करतात. कुणी ‘मधली फाट शिवून देतो’ म्हणालं तर दोन प्रश्न जास्त विचारावेत.

कोणतं लिगामेंट गेलं असेल, ते दुखापत कशी झाली यावरून बरंच कळतं. गाडीवरून पडताना, पट काढला गेल्यावर पैलवान मातीत हात टेकतो तेव्हा, किंवा शाहू स्टेडियमवर गोलकीपर मागे पडतो तेव्हा मनगट मागे वाकलेलं असतं आणि सगळा भार तळहातावर येतो. यात स्कॅफॉइड-ल्युनेटचं लिगामेंट जातं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात ड्रिल अडकून हात पिळवटला, किंवा मर्दानी खेळात पट्टा फिरवताना झटका बसला, तर गादीवर संशय घ्यायचा.

पहिले दोन दिवस

मालीश नको. ओढून ‘बसवणं’ तर अजिबात नको. वस्ताद किंवा हाडवैद्य खांदा बसवतात म्हणून मनगटही बसवतील असं नसतं. अर्धवट फाटलेलं लिगामेंट ओढल्यानं पूर्ण फाटू शकतं, आणि स्कॅफॉइडला बारीक चीर असेल तर तीही सरकते.

अंगठी, बांगड्या, कडं, मनगटाचा गंडा लगेच काढा, सूज चढल्यावर ते कापावं लागतं. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. हात छातीपेक्षा उंच. मनगट सरळ ठेवणारा पट्टा किंवा स्लॅब (अर्धं प्लास्टर). बाजारातला लवचिक ‘रिस्ट बँड’ आधार देत नाही, नुसता घाम धरतो.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, मनगटाचा आकारच बदलला असेल किंवा बोटं हलवताना असह्य वेदना होत असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ल्युनेट किंवा त्याच्या भोवतीची हाडं जागेवरून निसटली असतील तर असं होतं. एक्स-रेतही ही दुखापत अनेकदा नजरेतून सुटते, आणि ती त्याच दिवशी जागेवर बसवावी लागते. सीपीआरच्या (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात किंवा जवळच्या ऑर्थोपेडिक रुग्णालयात थेट जा.

आणखी एक तपासणी घरीच होते. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटालगत, तपकिरीची चिमूट मावेल एवढा खळगा पडतो. तिथं बोटानं दाबल्यावर चांगलंच दुखत असेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल असला तरी स्कॅफॉइड मोडलेलं असू शकतं. अशा वेळी प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा लवकर एमआरआय करतात.

डॉक्टरकडे जाताना काय सांगायचं, ते काय बघतात

‘मनगट दुखतंय’ एवढ्यानं भागत नाही. कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा. पाठीकडे, मधल्या बोटाच्या रेषेत? की करंगळीच्या बाजूला? कट् असा आवाज येतो का, तो दुखून येतो की नुसताच? खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठताना करंगळीच्या बाजूला कळ येते का? आली तर गादीबद्दलचा संशय वाढतो.

तपासताना डॉक्टर अल्नाच्या टोकाच्या उंचवट्याशेजारी, तळहाताच्या बाजूच्या मऊ खळग्यात अंगठा दाबतील. तिथं ओळखीची कळ आली तर गादी अल्नावरच्या आपल्या मुळापासून सुटल्याचं ते लक्षण असतं. मग अल्ना वर-खाली हलवून बघतील. दुसऱ्या हातापेक्षा ती ढिली लागली तर हे प्रकरण पट्ट्यानं भागणारं नसतं. स्कॅफॉइडसाठी ते अंगठ्यानं तळहाताच्या बाजूनं हाडाचा उंचवटा दाबून धरतील आणि मनगट करंगळीकडून अंगठ्याकडे नेतील. हाड निसटून ‘खट्’ झालं आणि दुखलं, तर वॉटसन चाचणी पॉझिटिव्ह. ही चाचणी स्वतःवर करून बघू नका. आणि दोन्ही हात तपासायलाच लावा, कारण काही लोकांची मनगटं मुळातच सैल असतात, त्यांच्या चांगल्या हातातही खट् होतं.

एक्स-रे आणि एमआरआय: काय मागायचं

साध्या दोन एक्स-रेंवर लिगामेंट कळत नाही. मूठ घट्ट आवळून काढलेला एक्स-रे लागतो, दोन्ही हातांचा. मूठ आवळली की बोटांकडच्या ओळीतलं मधलं कॅपिटेट हाड पाचरीसारखं खाली येतं आणि फाटलेल्या जागी फट उघडते. स्कॅफॉइड-ल्युनेटमधलं अंतर ३ मिलिमीटरच्या वर गेलं तर संशय घ्यायचा. बाजूच्या एक्स-रेत त्या दोन हाडांचा कोन साधारण ३० ते ६० अंशांचा असतो, ७० च्या वर गेला तर हाडं कलली आहेत. अल्नाची लांबी मोजायची असेल तर खांदा ९० अंशांवर, कोपर ९० अंशांवर आणि हात उताणाही नाही, पालथाही नाही असा ठेवून एक्स-रे काढतात. हात पालथा असेल किंवा मूठ आवळलेली असेल तर अल्ना आहे त्याहून लांब दिसते. इथं फोटो चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

एमआरआय करताना मनगटासाठीची खास कॉइल (सिग्नल पकडणारं, मनगटाभोवती बसणारं उपकरण) वापरणार का ते आधी विचारा. ही लिगामेंट्स काही मिलिमीटरची असतात, पोट किंवा गुडघ्याच्या सेटिंगवर ती धूसर येतात. मिळत असेल तर ३ टेस्लाचं (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) मशीन बरं. काही वेळा सांध्यात औषध सोडून एमआरआय करतात, त्यात फाट जास्त स्पष्ट दिसते.

रिपोर्ट वाचण्यात दोन उलट चुका होतात. एमआरआय नॉर्मल आला म्हणून लिगामेंट ठीकच आहे असं नाही. लक्षणं आणि हाताची तपासणी ओरडून सांगत असेल तर दुर्बीण आत घालून बघणं हीच शेवटची खात्री असते. उलट, पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये गादीला भोक दिसणं अगदी नेहमीचं आहे. वयानुसार ती झिजते आणि बऱ्याच लोकांना तिचा पत्ताही नसतो. कागदावर ‘टेअर’ शब्द दिसला म्हणून ऑपरेशन करायचं नाही. बोट ठेवून दाखवलेली जागा आणि रिपोर्टमधली जागा एकच असली पाहिजे.

शिवायचं कधी, थांबायचं कधी

अर्धवट फाट असेल आणि हाडं जागेवर असतील तर आधी चार ते सहा आठवडे पट्टा, मग फिजिओ. गादीची फाट असून अल्ना ढिली नसेल तरीही हेच. यातून बरेच जण सुटतात.

स्कॅफॉइड-ल्युनेटचं लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर घड्याळ सुरू झालं असं समजा. पहिल्या चार-सहा आठवड्यांत टोकं ताजी असतात, ती ओढून जागेवर शिवता येतात. सहा महिन्यांनंतर टोकं आकसून विरघळल्यासारखी होतात आणि शिवायला काही उरत नाही. मग दुसरीकडचा स्नायुबंध काढून नवं लिगामेंट घडवावं लागतं. कूर्चा झिजली असेल तर तेही चालत नाही, काही हाडं काढून टाकणं किंवा एकमेकांना जोडून टाकणं एवढेच पर्याय उरतात. गादीच्या कडेची फाट पहिल्या तीन महिन्यांत शिवलेली चांगली. म्हणूनच ‘दिवाळीनंतर बघू’, ‘गळीत हंगाम संपू दे’ हे मनगटाच्या बाबतीत महाग पडतं.

डॉक्टर निवडताना

राजारामपुरी, शाहूपुरीत ऑर्थोपेडिक डॉक्टरांना तोटा नाही, पण गुडघ्याची दुर्बीण चालवणारा प्रत्येक जण मनगटाची चालवतोच असं नाही. गुडघ्याची दुर्बीण ४ मिलिमीटर जाडीची असते, मनगटाची १.९ ते २.७. म्हणून सरळ विचारा: मनगटाची ऑर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) तुम्ही नियमित करता का? लहान दुर्बीण आणि २ मिलिमीटरच्या आसपासचं शेव्हर ब्लेड (फाटका भाग कातरणारं फिरतं पातं) तुमच्याकडे आहे की त्या दिवशी मागवणार? थिएटरमध्ये सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) आहे का? आत गेल्यावर फाट वेगळीच निघाली तर त्याच बैठकीत काय करणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंतर हाताचे व्यायाम कोण बघणार? समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर मिरज-पुण्याकडे हातावरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचा सल्ला घ्यायला संकोचू नका. आपले डॉक्टर त्यावर रागावत नसतात, रागावले तर तेही एक उत्तरच.

खर्चाचा अंदाज लिहून घ्या. पॅकेजमध्ये अँकर (हाडात रोवायचा धाग्याचा खिळा), शेव्हर ब्लेड, रेडिओफ्रीक्वेन्सीची (लिगामेंट शेकायची) दांडी धरली आहे का ते बघा. बिल फुगतं ते याच तीन गोष्टींनी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून दाखल होण्याआधीच विचारा. नंतर पळापळ करून उपयोग नसतो.

आदल्या दिवशी

भूल हातापुरती असली तरी पोट रिकामं लागतं. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तांबडा-पांढरा ओरपून रात्री बाराला झोपलेल्या माणसाला सकाळी सातला टेबलावर मळमळतं, तेव्हा रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. नखं कापा. नेलपॉलिश काढा, त्यानं बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याचं रीडिंग बिघडतं. हातावर जखम किंवा पुटकुळी असेल तर लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर, तंबाखू यांची माहिती खरी सांगा. विडी आणि तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जुळायला लागणारं रक्त पोहोचत नाही. बाही सैल असलेला, पुढून बटणांचा शर्ट न्या.

टेबलावर काय होतं

उताणं झोपवून बगलेतून किंवा मानेच्या बाजूनं नसांना भूल देतात, हात ओंडक्यासारखा जड होतो. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या साधारण २५० मिलिमीटरइतका दाब देतात, म्हणजे आत रक्त येत नाही. मग तर्जनी आणि मधल्या बोटावर विणलेल्या जाळीच्या टोप्या चढवून हात मनोऱ्याला टांगतात. कोपर ९० अंशांत आणि ओढ चार ते सहा किलोची. या ओढीनं सांधा काही मिलिमीटर उघडतो आणि दुर्बिणीला वाट मिळते.

पहिली वाट शोधायची खूण म्हणजे मनगटाच्या पाठीवरचा रेडियसचा बारीक उंचवटा, लिस्टरचा. त्याच्या पुढं बोटांच्या दिशेनं एक सेंटिमीटरवर, अंगठा उचलणारा आणि बोटं उचलणारे स्नायुबंध यांच्या मध्ये बोट बुडतं. तिथं बारीक सुई तळहाताकडे किंचित, दहा अंशांच्या आसपास, तिरकी घालून पाच-सात मिली सलाइन सोडतात. सुई सरळ घातली तर ती कूर्चेवर आदळते, कारण रेडियसचा पृष्ठभागच त्या दिशेनं उतरता आहे. पुढं ब्लेडनं फक्त कातडी कापायची, दोन-तीन मिलिमीटर. खाली ब्लेड नेलं की नस किंवा स्नायुबंध कापला गेलाच म्हणून समजा. म्हणून त्यानंतर बोथट चिमटा आत घालून तो उघडत उघडत सांध्यापर्यंत जायचं. दुसरं छिद्र करंगळीच्या बाजूला, हत्यारांसाठी. आणखी दोन छिद्रं सेंटिमीटरभर पुढं, हाडांच्या दोन ओळींमधल्या सांध्यात उघडतात. हा दुसरा सांधा न बघता बाहेर येणं म्हणजे अर्धीच तपासणी.

आत एक आकड्यासारखी सळई, प्रोब, फिरवतात. गादीवर टेकवून दाबलं की ती ताणलेल्या हलगीच्या कातड्यासारखी उसळली पाहिजे. पावसात भिजलेल्या हलगीसारखी दबत राहिली तर कड फाटलीय. मग प्रोब गादीच्या करंगळीकडच्या कडेखाली अडकवून ओढतात. ती तंबूच्या कनातीसारखी वर उचलली गेली तर अल्नाच्या मुळापासून सुटलेली आहे. स्कॅफॉइड-ल्युनेटसाठी पुढच्या सांध्यातून दोन हाडांच्या फटीत प्रोब घालून बघतात. लिगामेंट किती फाटलंय ते सांगणाऱ्या गाइसलरच्या प्रतवारीत प्रोब आरपार गेला तर तिसरा दर्जा, अख्खी २.७ मिलिमीटरची दुर्बीण गेली तर चौथा.

दुरुस्ती फाटीनुसार बदलते. गादीची कड फाटली असेल तर बाहेरून पोकळ सुई आत घालून विरघळणारा धागा, बहुधा २-०, गादीतून ओवतात, दुसऱ्या सुईनं तो बाहेर काढतात आणि गाठ सांध्याच्या आवरणावर बसवतात. गाठ बांधण्याआधी तिथं सेंटिमीटरभर कातडी उघडून करंगळीकडे जाणारी संवेदनेची नस बाजूला केलेली दिसली पाहिजे. घाईत ती गाठीखाली आली तर रुग्ण वर्षभर करंट बसतोय म्हणत फिरतो. मुळापासून सुटलेली गादी मात्र आवरणाला शिवून भागत नाही. तिला हाडातच रोवावं लागतं, अल्नात बारीक बोगदा पाडून किंवा अँकर बसवून. ही जागा आधी खरवडून हाड ताजं करतात, नाहीतर धागा धरतो पण गादी चिकटत नाही. मधली फाट असेल तर शेव्हरनं हलकं कातरायचं, पण कडेची दोन मिलिमीटरची कोर राखायची, कारण अल्नाला धरणारी लिगामेंट्स तिथंच आहेत. अल्ना लांब असेल तर तिच्या टोकाची चकती घासून कमी करतात किंवा हाड कापून आखूड करतात. लांब अल्ना तशीच ठेवून वरची गादी शिवली तर ती पुन्हा फाटते, नुसत्या दुरुस्तीचं हे नेहमीचं अपयश.

स्कॅफॉइड-ल्युनेटच्या अर्धवट फाटीत लोंबणारे तुकडे साफ करून, काही सर्जन रेडिओफ्रीक्वेन्सीनं लिगामेंट किंचित शेकून आवळतात. हे करताना पाणी वाहतं राहिलं पाहिजे, साठलेल्या गरम पाण्यानं कूर्चा भाजते. लिगामेंट सैल होऊन फाटलं असेल पण हाडं सहज जागेवर येत असतील तर पाठीकडचं आवरण आणि लिगामेंटचा उरलेला भाग एकाच टाक्यात घेतात. पूर्ण तुटलं असेल तर दोन्ही हाडांत तारा खोवून त्या सायकलच्या हँडलसारख्या वापरत हाडं फिरवून जागेवर आणतात, सी-आर्मवर खात्री करतात आणि १.१ ते १.२ मिलिमीटरच्या तारांनी स्कॅफॉइडला ल्युनेट आणि कॅपिटेटशी बांधून टाकतात.

सगळं मिळून तास-दीड तास. दंडाचा पट्टा दोन तासांच्या आत सुटला पाहिजे. संमतीपत्रात ‘गरज पडल्यास उघडून’ असं लिहिलेलं असतं, त्यावर सही करताना घाबरू नका. हाडं दुर्बिणीतून जागेवर येत नाहीत हे ओळखून उघडणारा सर्जन हट्टानं छिद्रांतूनच रेटणाऱ्यापेक्षा बरा.

नंतर काय बिघडतं

पहिल्या रात्री भूल उतरताना वेदना एकदम उसळते. गोळी भूल उतरायच्या आधी घ्या, उतरल्यावर घेतली तर दोन तास तळमळ होते. हात दोन उशांवर, बोटं छताकडे. बोटं निळसर-गार पडली, प्लास्टर आवळतंय असं वाटलं किंवा बोटं सरळ करताना असह्य दुखलं तर रात्रीच फोन करा. कधी कधी सलाइन झिरपून पुढचा हात टणक होतो, तो बहुतेकदा काही तासांत उतरतो, पण त्यावर नजर ठेवावी लागते.

बाहेर डोकावणाऱ्या तारांभोवती पू, लाली, वास आला तर संसर्ग. तारा असताना दुधाचं कॅन उचललं तर तार वाकते किंवा तुटते, आणि तुटलेला तुकडा काढायला पुन्हा टेबल. काही हातांची बोटं दोन-तीन आठवड्यांनी सुजलेलीच राहतात, कातडी चकाकते, घाम येतो, नुसता वारा लागला तरी आग होते. हा नसांच्या चुकीच्या संदेशांचा आजार आहे. त्यात ‘सहन करा’ असं सांगण्यात अर्थ नसतो. जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितका हात वाचतो.

पुढचे सहा महिने

कातडीवरची छिद्रं दहा दिवसांत भरतात आणि इथंच माणूस फसतो. आतलं लिगामेंट उघड्या ऑपरेशनइतकाच वेळ घेतं.

पहिल्या दिवसापासून दर तासाला दहा वेळा बोटं पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची, पण हलकी, आवळायची नाहीत. खांदा आणि मोकळं असेल तर कोपरही हलतं ठेवा. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी दोन जागी बांधा, एकाच जागी बांधली की पाणी आत जातंच.

गादी शिवली असेल तर हात उताणा-पालथा होता कामा नये, म्हणून कोपराच्या वर जाणारा किंवा कोपर धरणारा स्प्लिंट चार ते सहा आठवडे. भाकरी थापायची नाही, किल्ली फिरवायची नाही, झाकण पिळायचं नाही. स्कॅफॉइड-ल्युनेटला तारा असतील तर साधारण आठ आठवड्यांनी त्या काढतात आणि मग व्यायाम सुरू होतो.

पहिली हालचाल हातोडीची. खिळा ठोकताना मनगट अंगठ्याच्या बाजूनं मागे जातं आणि करंगळीच्या बाजूनं खाली येतं. या तिरक्या चालीत हालचाल मुख्यतः दोन ओळींच्या मध्ये होते आणि स्कॅफॉइड-ल्युनेटवर ताण कमी पडतो. हातात काही न धरता, दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा. सरळ वर-खाली नंतर.

रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम लोक स्वतःच सुरू करतात, शेजारीही तोच सुचवतात. स्कॅफॉइड-ल्युनेटच्या दुरुस्तीनंतर तो लवकर केला तर नुकसान होतं. मूठ आवळली की कॅपिटेट पाचरीसारखं खाली येऊन नेमकी शिवलेली फट उघडायला बघतं, एक्स-रेत मूठ आवळायला लावतात ते याचसाठी. बारा आठवड्यांपर्यंत चेंडू दूर ठेवा. नंतर अर्धा किलोपासून वजन, दुखलं की मागे.

म्हशीची धार काढायला बारा आठवड्यांनंतर एकाच जनावरापासून सुरुवात करा, आणि अंगठा आत मुडपून पिळण्यापेक्षा पूर्ण मुठीनं काढा. गाडी चालवायला स्प्लिंट सुटलेला हवा आणि पुढचा ब्रेक झटक्यात पूर्ण दाबता आला पाहिजे. उभ्या गाडीवर करून बघा.

जोर मारायला परतीचा रस्ता असा: चौथ्या महिन्यापासून भिंतीवर, मग टेबलाच्या उंचीवर, मग जमिनीवर मुठींवर. मुठीवर मनगट सरळ राहतं, भार हाडांच्या रेषेत जातो. उघड्या तळव्यावरचे सपाट्या जोर सगळ्यात शेवटी, सहा महिन्यांच्या आसपास. प्रत्येक पायरीवर दोन आठवडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट सुजलं नसेल तरच पुढची. लढत करण्याआधी पकडीची ताकद मशीनवर मोजून घ्या, चांगल्या हाताच्या ८० टक्के तरी भरली पाहिजे. त्याच दिवशी मूठ आवळून दोन्ही हातांचा एक्स-रे काढा आणि ऑपरेशननंतरच्या फोटोशेजारी ठेवून फट मोजा. ती वाढलेली असेल तर खासबाग मैदानातली कुस्ती या हंगामात नाही.